कॉम्प्युटरात शिरलेला ट्रोजन मुळासकट कसा काढायचा

काळ्या रानात कुंदा माजला की वरून विळा फिरवून भागत नाही. मुळ्या खोल असतात, खणून काढल्या नाहीत तर पहिल्या पावसात तो पुन्हा वर येतो. ट्रोजनचं, म्हणजे कामाच्या फाईलच्या वेषात शिरणाऱ्या घातक प्रोग्रामचं, तसंच आहे. अँटिव्हायरसने एक फाईल पकडली, लाल खूण जाऊन हिरवी आली, आणि दोन दिवसांनी तेच नाव पुन्हा हजर, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. फाईल गेलेली असते. पण ती परत आणून बसवणारी नोंद, तिला सोडून द्या असं अँटिव्हायरसला सांगणारी सूट, आणि ती ज्यातून आली तो पेनड्राइव्ह, हे तिन्ही जागच्या जागी असतात.

ट्रोजन स्वतःहून पसरत नाही. ग्रीक कथेतल्या लाकडी घोड्यासारखा तो कामाची वस्तू म्हणून येतो आणि आपणच डबल क्लिक करून त्याला आत घेतो. आपल्याकडे त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. तालुक्याहून ‘विंडो मारून’ (विंडोज नव्याने टाकून) आणलेल्या मशीनमधला अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम, हिशेबाच्या किंवा फोटोच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे फुकट चालावं म्हणून कुलूप तोडलेली प्रत, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह, नाहीतर मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबवर ‘बिल’, ‘नोटीस’, ‘लाभार्थी यादी’ अशा नावाने आलेली झिप फाईल. खाली दिलेली रीत विंडोज १० आणि ११ साठी आहे. मोबाइलवर येणाऱ्या एपीके फायलींचं प्रकरण वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

आधी खात्री करा

मशीन स्लो झाली म्हणजे ट्रोजनच असेल असं नाही. उन्हाळ्यात पंख्याच्या जाळीत कापसाच्या बोळ्यासारखी धूळ बसलेली असली तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. जुनी हार्डडिस्क असलेल्या मशीनवर विंडोजचं अपडेट सुरू असलं तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. आणि उजव्या कोपऱ्यात सारखा ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असा डबा उघडत असेल, तर बहुतेक वेळा ती एखाद्या वेबसाइटची नोटिफिकेशन असते. फुकट सिनेमा पाहताना कुणीतरी ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी साइट काढून टाका. डबा थांबला तर काम तिथेच संपलं. त्या डब्यात दिलेल्या फोन नंबरवर मात्र कधीच फोन करू नका.

खऱ्या लागणीची लक्षणं वेगळी असतात. विंडोज सिक्युरिटी उघडत नाही, किंवा रिअल टाइम प्रोटेक्शन चालू केलं की आपोआप बंद होतं. सगळ्या साइट उघडतात, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या उघडत नाहीत. पेनड्राइव्ह लावताच त्यातली फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसतं, खरं तर घरच्या मशीनला कुठलीच ऑर्गनायझेशन नसते (काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका). तुम्ही न पाठवलेले मेल किंवा मेसेज लोकांना जायला लागतात. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर पुढे चला.

फायलींची नावंच बदलली असतील, प्रत्येकाला एक विचित्र शेपूट लागलं असेल आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी पडली असेल, तर ते रॅन्समवेअर. तिथे खालची साफसफाई करून फायली उघडणार नाहीत. काहीही पुसू नका, मशीन बंद ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या साइटवर त्या प्रकारची चावी आहे का ते पाहा. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ साली सुरू केलेला हा उपक्रम आहे, पैसे लागत नाहीत.

पहिले नेट तोडा, मग मोबाइल हातात घ्या

वायफाय बंद करा, लॅनची वायर ओढून काढा, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. ट्रोजनला मागून चालवणारा माणूस नेटवरूनच आत असतो. एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर अशी दुरून मशीन चालवायची सॉफ्टवेअर आत असतील तर ती पुढे काढायचीच आहेत, पण नेट तुटलं की तूर्त त्यांचीही बोलती बंद.

यानंतर बहुतेक जण थेट स्कॅन लावतात आणि इथेच चुकतात. आताचे बरेचसे ट्रोजन, म्हणजे रेडलाइन किंवा लुमा या जातीचे, मशीन बिघडवत बसत नाहीत. ते काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलून पाठवून देतात. कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे’ असा पास. तो चोराच्या हाती गेला की त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. तुम्ही स्कॅनची पट्टी सरकताना पाहत असता तेव्हा तो तिकडे तुमचा मेल वाचत असतो.

म्हणून साफसफाईच्या आधी मोबाइलवरून, स्वतःच्या डेटावर, पुढच्या गोष्टी करा. सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तो कॉम्प्युटर साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना ते पाहा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टरही बघा. चोर तिथे ‘बँकेचे मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इथून पूस’ असा नियम ठेवून जातो आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये हे दोन्ही दिसत नाहीत, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून उघडावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून सगळे लॉग आउट करा. नंतर नेट बँकिंग, महाडीबीटी, पीक विम्याचं पोर्टल, जिथे जिथे त्या मशीनवरून लॉगिन केलं होतं ते सगळं. घरून लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्यांनी तर डेस्कटॉपवर साठलेल्या आधार आणि पासबुकच्या फोटोंचाही विचार करावा. ते गेले असं धरूनच चाला आणि ज्यांचे आहेत त्यांना सांगा.

खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. अशा वेळी मशीन साफ करू नका, पुरावा त्यातच असतो.

सामानाची जुळवाजुळव

दोन पेनड्राइव्ह लागतील. एक रिकामा, किमान ८ जीबीचा, शक्यतो नवा. दुसरा किंवा बाहेरची हार्डडिस्क, आपल्या फायली काढून ठेवायला. एक चांगली मशीन लागेल, शेजाऱ्याची किंवा मास्तरांची, डाऊनलोड करण्यापुरती. ती नसेल तर मोबाइलवर डाऊनलोड करून ओटीजी जोडणीने पेनड्राइव्हवर टाकता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ऑटोरन्स (मशीनसोबत आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं) आणि सेफ्टी स्कॅनर या दोन फायली घ्या. ऑटोरन्स थोड्या एमबीचं आहे, सेफ्टी स्कॅनर शे-दोनशे एमबीच्या घरातलं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन्ही बसतात. सेफ्टी स्कॅनर डाऊनलोड केल्यापासून १० दिवसच चालतं, म्हणून मागच्या वर्षीचं कुणाकडे असेल तर ते घेऊ नका. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती पुरते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही फुकट साफसफाईची साधनं मिळतात. हे केंद्र सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१७ साली सुरू केलं. गूगलवर ‘ट्रोजन रिमूव्हर’ शोधून जे पहिलं येईल ते मात्र उतरवू नका. ट्रोजन काढण्याच्या नावाखाली ट्रोजन विकणं हा जुना धंदा आहे.

लाइटचं वेळापत्रक बघून बसा. पूर्ण स्कॅनला जुन्या हार्डडिस्कवर चार-सहा तास सहज जातात. मध्येच लाइट गेली तर स्कॅन नुसता वाया जातो, पण विंडोजच्या फायली दुरुस्त होताना गेली तर मशीन सुरूच होणार नाही अशीही वेळ येते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना लॅपटॉप गादीवर ठेवून दुपारी स्कॅन लावला तर तो तापून मध्येच बंद पडतो आणि लोकांना वाटतं ट्रोजननेच बंद केला. रात्री, कूलरसमोर, खाली पाट ठेवून लावा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा.

फायली काढून घेताना

फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाईल नेम एक्सटेन्शन्स’ आणि ‘हिडन आयटम्स’ या दोन खुणा लावा. ही सवय कायमची ठेवा, कारण विंडोज मुळात फाईलचं शेपूट लपवतं. त्यामुळे ‘सातबारा.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाईल ‘सातबारा.पीडीएफ’ अशी दिसते आणि चित्रही पीडीएफचंच असतं.

कॉपी फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर. ईएक्सई, एमएसआय, बॅट, व्हीबीएस, जेएस, एससीआर आणि एलएनके अशा शेपटाचं काहीही घेऊ नका. ‘सॉफ्टवेअर’ नावाचं जे फोल्डर प्रत्येकाच्या डी ड्राइव्हवर असतं, ते अख्खं मागे राहू द्या. विंडो मारल्यावरही ट्रोजन परत येतो तो बहुतेक वेळा याच फोल्डरमधून. दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही, आणि घरी आल्यावर आपण त्याच फोल्डरमधला तोच क्रॅक पुन्हा टाकतो.

मुळं शोधणं

आता सेफ मोड. स्टार्ट मेनूतल्या पॉवर बटणावर जा, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि अशा वेळी ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतात. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधीच मोबाइलवरून लॉगिन करून कागदावर उतरवून ठेवा. पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड टाका.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करतं, त्यामुळे ट्रोजन बहुधा झोपलेला असतो आणि त्याच्या फायली हलवता येतात. पेनड्राइव्हवरचं ऑटोरन्स राईट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ऑप्शन्समध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ला खूण करा आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ लावा. शेकडो ओळींची यादी वीस-तीस ओळींवर येते. आता एकेक ओळ वाचायची.

पाहायचं ते नाव नव्हे, पत्ता. नाव काहीही ठेवता येतं. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या कितीतरी प्रोसेस प्रत्येक मशीनवर चालू असतात आणि त्या खऱ्याच असतात, पण त्यांची फाईल विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये असते. तेच नाव अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये, टेम्पमध्ये, प्रोग्रामडेटामध्ये किंवा यूजर्सच्या पब्लिक फोल्डरमध्ये दिसलं की चोर सापडला. नाव ऐकून घाबरून सिस्टिम ३२ मधली खरी फाईल पुसणारेही आहेत, त्यांची मशीन मग दुकानातच जाते.

गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची सही पटली नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाईल जागेवर नाही, बऱ्याचदा अँटिव्हायरसने खोड कापल्यावर उरलेलं मूळ. प्रत्येक गुलाबी ओळ ट्रोजन नसते. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यांच्याही सह्या नसतात. पण सही नाही, पत्ता अ‍ॅपडेटातला आणि नाव अर्थहीन अक्षरांचं, असं तिन्ही जुळलं तर संशयाला जागा राहत नाही.

लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स आणि सर्व्हिसेस हे तीन टॅब नीट पाहा. शेड्यूल्ड टास्कमध्येच ‘पुन्हा पुन्हा येणाऱ्या’ ट्रोजनचं गूढ बहुतेकदा सुटतं. एखाद्या ब्राउझरच्या अपडेटसारखं नाव दिलेलं टास्क दर काही मिनिटांनी पॉवरशेल किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजमधली आज्ञा चालवणारी साधनं) चालवत असतं आणि शेवटी एक लांबलचक, न वाचता येणारी अक्षरांची माळ असते. खऱ्या अपडेटला अशी माळ लागत नाही.

संशयित ओळीसमोरची खूण फक्त काढा, ओळ पुसू नका. चुकून प्रिंटरचीच ओळ निघाली तर परत खूण लावता येते. पत्ता वहीत लिहा, ती फाईल त्या फोल्डरमधून उचलून डेस्कटॉपवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्या शेपटापुढे आणखी काही अक्षरं जोडा, म्हणजे चुकूनही चालणार नाही. नंतर सेफ्टी स्कॅनर चालवून फुल स्कॅन द्या. स्कॅन चालू असताना ते ‘इतक्या फायली बाधित’ असा आकडा दाखवतं आणि शेवटी कधीकधी ‘काही सापडलं नाही’ म्हणतं. त्यात घोटाळा नाही. मधला आकडा नुसत्या संशयाचा असतो, शेवटचा निकाल खरा.

डिफेंडरला जागेवर आणणं

डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. मशीन नेहमीसारखी सुरू करा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. स्कॅनच्या आधी हे पान उघडायचंच. हुशार ट्रोजन आत येताच अख्ख्या सी ड्राइव्हला किंवा आपल्या फोल्डरला इथे सूट देऊन ठेवतो. मग तुम्ही दहा स्कॅन लावा, डिफेंडर त्या दाराकडे बघणारसुद्धा नाही. आणि ही सूट कधीकधी ट्रोजनने नव्हे, तर विंडो मारणाऱ्यानेच दिलेली असते, कारण अ‍ॅक्टिव्हेटरला डिफेंडर ‘हॅकटूल’ म्हणून पकडतो. यादीत जे असेल ते सगळं काढा. त्याच पानावर टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा.

आता नेट जोडा, पण अपडेट घेण्यापुरतंच. प्रोटेक्शन अपडेट्समध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ केलेलं असेल तर अपडेट अडू शकतं, ती खूण काढा. अपडेट झालं की नेट पुन्हा बंद.

स्कॅन ऑप्शन्समध्ये शेवटचा पर्याय ऑफलाइन स्कॅनचा आहे. तो आधी. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच स्कॅन चालतो, साधारण १५ मिनिटं. या वेळात पडदा काळा पडतो, मध्येच परत सुरू झाल्यासारखं होतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका. निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. मग फुल स्कॅन, रात्रभर. दुसऱ्या दिवशी मालवेअरबाइट्सने एकदा फिरवून घ्या आणि काम झाल्यावर ते काढून टाका. दोन अँटिव्हायरस कायमचे एका मशीनवर ठेवले तर एकमेकांच्या पायात पाय अडकतात, आणि ४ जीबी रॅमची मशीन तर बैलगाडी होते.

मागे राहिलेल्या खुणा

ट्रोजन गेला तरी त्याने फिरवलेल्या कळा तशाच राहतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, प्रॉक्सी इथे मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा. ट्रोजन गेल्यावर ‘नेट आहे पण साइट उघडत नाहीत’ असं झालं तर कारण बऱ्याचदा इथेच असतं. डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा. सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची फाईल नोटपॅडमध्ये उघडा. साध्या मशीनवर त्यातल्या ओळी हॅशच्या खुणेने सुरू होतात. हॅश नसलेल्या ओळीत अँटिव्हायरसच्या साइटची नावं दिसली तर त्या ओळी पुसा. ब्राउझरमधली न ओळखणारी एक्सटेन्शन काढा आणि सेटिंग्ज रीसेट करा. ‘अ‍ॅप्स’च्या यादीला इन्स्टॉलच्या तारखेने लावा, ज्या दिवशी गडबड सुरू झाली त्या दिवशीचं काय काय आलं ते एका नजरेत कळतं.

विंडोजच्या फायली दुखावल्या असतील तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ’ आणि ते संपलं की ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्या. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं, तिरप्या रेघेच्या आधी एक जागा सोडून. पहिलीला नेट लागतं. शेवटी जुने रिस्टोर पॉइंट पुसून एक नवा करा, जुन्यांत ट्रोजनची प्रत अडकलेली असू शकते.

पेनड्राइव्ह

याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण गावातली बरीचशी लागण याच्या पायाने चालते. शाळेचा, ग्रामपंचायतीतला, झेरॉक्सवाल्याचा, सगळे एकमेकांना जोडलेले. अँड्रोमेडा नावाचं ट्रोजनचं जाळं २०१७ साली अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडलं, तरी त्याच्या प्रती नंतरही पेनड्राइव्हवरून फिरत राहिल्या.

पेनड्राइव्ह लावा, पण त्यातल्या कशावरही डबल क्लिक करू नका. ‘लग्नाचे फोटो’ नावाचं पिवळं फोल्डर दिसतंय, पण त्याच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’ची ओळ वाचा. खऱ्या फोल्डरला टार्गेट नसतंच. इथे मात्र कमांड प्रॉम्प्ट किंवा डब्ल्यूस्क्रिप्टचं नाव, पुढे एखादी व्हीबीएस फाईल, आणि शेवटी ‘लग्नाचे फोटो’ उघडण्याची आज्ञा दिसते. म्हणजे क्लिक केलं की आधी ट्रोजन चालतो आणि मग फोटोही उघडतात. फोटो उघडल्यामुळेच कुणाला शंका येत नाही.

फोटो गेलेले नसतात, लपवलेले असतात. पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*’ ही आज्ञा, पुन्हा इंग्रजी अक्षरांत, द्या. अक्षर नीट बघून टाका, चुकून सी टाकू नका. थोड्या वेळाने खरी फोल्डर वर येतात. कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, ते उघडा, आतच आहे. आपल्या फायली साफ केलेल्या मशीनवर घ्या, स्कॅन करा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट. घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड याच चाळणीतून काढा. एक जरी राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात.

झेरॉक्सला जाताना पेनड्राइव्हऐवजी अडॅप्टरमध्ये बसणारं मेमरी कार्ड न्या. अडॅप्टरच्या कडेला लहानशी कळ असते, ती ‘लॉक’कडे सरकवली की साध्या रीडरमध्ये त्यावर लिहिता येत नाही. नाहीतर पीडीएफ मेलवर पाठवा आणि दुकानदाराच्या मशीनवर आपला मेल न उघडता त्याच्याच मेलवर द्या.

हात टेकायचे कधी

दोन दिवस घालवूनही डिफेंडर चालू होत नसेल, काढलेली नोंद परत परत येत असेल, किंवा त्या मशीनवरून बँकेचं आणि लोकांच्या कागदांचं काम होत असेल, तर साफसफाईच्या मागे लागू नका. विंडोज नव्याने टाका. आमचं मत विचाराल तर बँकेचं काम होणाऱ्या मशीनवर ट्रोजन सापडला की दुसरा विचारच करू नये.

चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. हे डाऊनलोड काही जीबींचं असतं, मोबाइल डेटावर नको, फायबर असलेल्या ठिकाणी करा. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि सी, डी, ई सगळे भाग डिलीट करून एकच रिकामी जागा करा. डी वाचवायचा मोह होतो, पण फायली आधीच बाहेर काढलेल्या आहेत. कंपनीच्या लॅपटॉपसोबत विंडोज आलेलं असेल तर लायसन्स त्याच्या बोर्डातच असतं. तीच आवृत्ती टाकली, होम असेल तर होम, की नेट जोडताच ते आपोआप चालू होतं, अ‍ॅक्टिव्हेटरची गरजच पडत नाही. दुकानातून विंडो मारून आणलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये खरं लायसन्स असूनही वर चोरीचं विंडोज बसवलेलं आढळतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ घेत नसेल आणि काम फक्त टायपिंग, मेल, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकायला हरकत नाही. अंगठ्याचं मशीन किंवा टॅली लागत असेल तर ते जमणार नाही.

नव्या विंडोजवर रोजच्या कामासाठी स्टँडर्ड खातं करा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. पोरांनी उतरवलेल्या गेमच्या क्रॅकने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली तर पासवर्डच्या दाराशी तो अडतो. आणि साफ केलेली मशीन असो की नवी टाकलेली, आठ दिवसांनी ऑटोरन्सची यादी आणि एक्सक्लूजन्सचं पान पुन्हा उघडा, वहीतले पत्ते समोर ठेवून. त्यातला एकही परत आलेला दिसला तर तो कुठल्या पेनड्राइव्हमधून आला ते आधी शोधा.